गाडीचं ॲव्हरेज अचानक पडलंय? पार्ट बदलण्याआधी 'हे' तपासा

गेल्या महिन्यापर्यंत लिटरला १८ देणारी गाडी अचानक १४ वर आली. गॅरेजमध्ये नेली तर उत्तरं ठरलेली असतात. "एअर फिल्टर बदलू, प्लग बदलू, इंजेक्टर साफ करून घेऊ." तीन-चार हजारांचं बिल होतं आणि ॲव्हरेज मात्र तिथंच राहतं.

हा फरक खिशाला किती जड जातो, हे आधी पाहू. समजा तुमची गाडी महिन्याला १,००० किलोमीटर चालते. १८ च्या ॲव्हरेजने तिला साधारण ५५.५ लिटर पेट्रोल लागतं, १४ च्या ॲव्हरेजने ७१.५ लिटर. म्हणजे महिन्याला १६ लिटर जास्त. लिटरला १०० रुपये धरले तरी महिन्याचे १,६०० आणि वर्षाचे १९ हजार रुपये. त्यामुळे दुर्लक्ष करणं परवडत नाही आणि अंदाजाने पार्ट बदलत बसणंही परवडत नाही.

यातून सुटायचं असेल तर क्रम महत्त्वाचा. आधी मोजा, मग फुकटात होणाऱ्या तपासण्या करा आणि शेवटी पैसे खर्च करा. बहुतेक जण नेमकं उलट करतात.

ॲव्हरेज खरंच पडलंय का?

डॅशबोर्डवर दिसणारा ॲव्हरेजचा आकडा हा गाडीच्या कॉम्प्युटरने काढलेला अंदाज असतो. तो खऱ्या आकड्यापेक्षा थोडा जास्तही असू शकतो. '५०० रुपयांचं टाकलं की आधी चार दिवस चालायची, आता तीनच दिवस चालते' हा हिशोब तर अजिबात धरू नका.

खात्रीची पद्धत एकच आहे, टाकी फुल ते टाकी फुल.

१. नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी फुल करा आणि ट्रिप मीटर शून्यावर आणा.
२. किमान ३०० ते ४०० किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवा.
३. त्याच पंपावर, शक्यतो त्याच नोझलने, पुन्हा पहिल्या ऑटो कटपर्यंत भरा.
४. चाललेले किलोमीटर भागिले बिलावरचे लिटर.

उदाहरणार्थ, ४३० किलोमीटर चालली आणि २८.६ लिटर बसलं, तर ॲव्हरेज १५. ऑटो कट दरवेळी नेमक्या त्याच पातळीवर होत नाही, अर्धा लिटर इकडेतिकडे होतं. १० लिटरच्या हिशोबात ही चूक ५ टक्क्यांची होते, २८ लिटरमध्ये २ टक्क्यांपेक्षा कमी. म्हणून थोडं पेट्रोल टाकून ॲव्हरेज काढू नका आणि एका टाकीवरून निष्कर्षही काढू नका. दोन टाक्यांचा हिशोब घ्या.

ऑटो कट झाल्यावर 'अजून थोडं बसवा' असं सांगू नका. जास्तीचं पेट्रोल वाफ अडवणाऱ्या यंत्रणेत शिरतं आणि ती खराब होऊ शकते.

आणखी एक गोष्ट. तुलना स्वतःच्या गाडीच्या जुन्या आकड्याशी करा, जाहिरातीतल्या आकड्याशी नाही. कंपनी सांगते ते ॲव्हरेज पुण्यातल्या एआरएआयसारख्या संस्थेत, म्हणजे जिच्या नावाने तिथली टेकडी ओळखली जाते त्या संस्थेत, रोलरवर गाडी चालवून ठरलेल्या चाचणीत काढलेलं असतं. तिथे ना खड्डे असतात, ना सिग्नल.

गेल्या महिन्यात काय बदललं?

हळूहळू वर्षभरात पडलेलं ॲव्हरेज आणि एका टाकीत पडलेलं ॲव्हरेज यांची कारणं वेगळी असतात. अचानक पडलं असेल तर त्याच सुमारास काहीतरी बदललेलं असतं. हे प्रश्न स्वतःला विचारा:

- नुकतीच सर्व्हिसिंग झाली का? कोणतं ऑइल टाकलं?
- ब्रेकचं काम केलं का?
- टायर बदलले का? वेगळ्या साइजचे घेतले का?
- ऑफिसचा रस्ता बदलला का? वाटेत मेट्रोचं किंवा पुलाचं काम सुरू झालं का?
- उन्हाळा लागून एसी सतत चालू आहे का?
- टपावर कॅरिअर बसवलंय का? डिकीत सामान पडून आहे का?
- घरातलं दुसरं कोणी गाडी चालवायला लागलं का?
- पंप बदलला का?

यातला रस्त्याचा मुद्दा लोक सहज सोडून देतात. एसी चालू ठेवून उभी असलेली छोटी पेट्रोल कार तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पेट्रोल पिते. पाऊण लिटर धरा. नव्या कोंडीमुळे रोज अर्धा तास जास्त उभं राहावं लागलं, तर महिन्याच्या २५ दिवसांत ९ लिटरपेक्षा जास्त पेट्रोल एक किलोमीटरही न चालता जळतं. आपल्या १,००० किलोमीटरच्या हिशोबात एवढ्यानेच १८ चं ॲव्हरेज साडेपंधरावर येतं. गाडीत काहीही बिघाड नसताना.

टायरचीही एक गंमत आहे. मूळ साइजपेक्षा मोठे टायर बसवले तर चाकाच्या एका फेरीत गाडी जास्त अंतर कापते, पण मीटर जुन्याच हिशोबाने किलोमीटर मोजतं. चाकाचा घेर ३ टक्क्यांनी वाढला की मीटर जवळपास तेवढंच कमी अंतर दाखवतं. म्हणजे घटीचा काही भाग फक्त कागदावरचा असू शकतो.

किती टक्के पडलंय, यावर संशयित ठरतो

प्रत्येक कारणाची एक मर्यादा असते. ती माहीत असली की कोणीही काहीही गळ्यात मारू शकत नाही.

टायरमधली हवा: अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार चारही टायरमध्ये सरासरी १ पीएसआय हवा कमी झाली तर ॲव्हरेज सुमारे ०.२ टक्के घटतं. म्हणजे १० पीएसआय कमी असली तरी साधारण २ टक्के. हवा नक्की तपासा, पण १८ चं १४ होण्यामागे फक्त हवा असणं कठीण.

चुकीचं इंजिन ऑइल: कंपनीने पातळ ऑइल सांगितलं असताना जाड ऑइल टाकलं, तर १ ते २ टक्के फरक पडतो.

एअर फिल्टर: हा सगळ्यात बदनाम पार्ट. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत फिल्टर चोंदला की ॲव्हरेज पडायचं. आजच्या गाड्यांत आत येणाऱ्या हवेच्या हिशोबानेच कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो. त्यामुळे घाण फिल्टरने पिकअप कमी होतो, ॲव्हरेजवर फारसा परिणाम होत नाही. फिल्टर वेळेवर बदला, पण ॲव्हरेज परत येईल या आशेने नको.

वेग: हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० ऐवजी ११० ने गाडी चालवली तर हा विरोध जवळपास दुप्पट होतो. समृद्धी महामार्गावरून येणं-जाणं वाढलं असेल तर उत्तर इथेच आहे.

अडकलेला ब्रेक, थर्मोस्टॅट, सेन्सर, मिसफायर: मोठी आणि अचानक घट बहुतेकदा इथून येते. ऑक्सिजन सेन्सर बिघडण्यासारखा गंभीर दोष दुरुस्त केल्यावर ॲव्हरेज ४० टक्क्यांपर्यंत सुधारू शकतं, असं हेच अमेरिकी खातं सांगतं.

थोडक्यात, ५ टक्क्यांच्या आतली घट असेल तर हवा, ऑइल, हवामान, इंधन बघा. १५-२० टक्क्यांच्या वर असेल तर एकतर तुमचा रस्ता बदललाय किंवा गाडीत खरा दोष आहे.

घरच्या घरी करायच्या तीन तपासण्या

१. हवा

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, टायर थंड असताना हवा तपासा. किती हवी, हे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत लिहिलेलं असतं. टायरच्या कडेवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, ती भरायची नसते. एकाच टायरमधली हवा वारंवार कमी होत असेल तर पंक्चर किंवा व्हॉल्व्ह बघून घ्या.

२. ब्रेक धरतोय का?

सपाट, मोकळ्या जागेत हळू वेगात गाडी न्यूट्रलला टाका. ती सहज घरंगळत गेली पाहिजे. कोणीतरी मागून ओढल्यासारखी लगेच थांबत असेल तर ब्रेक पूर्ण सुटत नाहीये.

दुसरी खूण उष्णतेची. कमी ब्रेक लावत १०-१५ किलोमीटर गाडी चालवा, थांबा आणि प्रत्येक चाकाजवळ हात न्या. चाकाला किंवा डिस्कला हात लावू नका, भाजेल. एका चाकातून बाकीच्यांपेक्षा खूप जास्त धग येत असेल किंवा जळका वास येत असेल, तर तोच संशयित. कॅलिपरची पिन अडकणं किंवा हँडब्रेकची केबल जास्त ताणलेली असणं ही त्याची नेहमीची कारणं.

मुंबई आणि कोकणात पावसाळ्यात हे जास्त दिसतं. हँडब्रेक ओढून आठ-दहा दिवस गाडी उभी राहिली की मागचे ब्रेक गंजून चिकटतात. सपाट जागी बरेच दिवस गाडी ठेवायची असेल तर गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावा.

३. इंजिन गरम होतंय का?

इंजिन थंड असताना कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडतो. इंजिन गरम झालं की तो हात आखडता घेतो. इंजिन लवकर तापावं आणि ठरावीक तापमानाला राहावं, याची काळजी थर्मोस्टॅट घेतो. तो उघडाच अडकला तर इंजिन थंडच राहतं आणि गाडी जास्त पेट्रोल पीत राहते.

तापमानाचा काटा असेल तर १० मिनिटांत तो नेहमीच्या जागी येतो का, ते बघा. अनेक छोट्या गाड्यांत काटा नसतो, थंड इंजिनसाठी निळा दिवा असतो. तो दिवा नेहमीपेक्षा खूप उशिरा जात असेल किंवा चालत्या गाडीत पुन्हा लागत असेल, तर थर्मोस्टॅट तपासायला सांगा.

इथे एक प्रश्न गॅरेजवाल्याला जरूर विचारा. गाडी पूर्वी कधी गरम झाली असेल तर 'जुगाड' म्हणून थर्मोस्टॅट काढून तर टाकलेला नाही ना? आपल्याकडे हे सर्रास होतं. गाडी गरम व्हायची थांबते, पण ॲव्हरेज कायमचं पडतं आणि मूळ दोष तसाच राहतो.

पिवळा दिवा लागलाय का?

डॅशबोर्डवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागला असेल तर अर्धं निदान गाडीने स्वतःच केलेलं आहे. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला ओबीडी स्कॅनर जोडला की दोषाचा कोड दिसतो. मोबाइलला ब्लूटूथने जोडता येणारे साधे स्कॅनर ऑनलाइन मिळतात, चांगल्या गॅरेजमध्येही तो असतोच.

नेहमी दिसणारे काही कोड:

- पी ०१२८: इंजिन पुरेसं तापत नाहीये. थर्मोस्टॅटवर संशय.
- पी ०१७१: हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. कुठून तरी जास्तीची हवा शिरत असेल, पेट्रोलचा दाब कमी असेल किंवा सेन्सर चुकीचं सांगत असेल.
- पी ०१७२: पेट्रोल जास्त जातंय. इंजेक्टर गळत असेल किंवा सेन्सर बिघडला असेल.
- पी ०३००: मिसफायर, म्हणजे सिलेंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाहीये. प्लग, कॉइल, इंजेक्टर तपासा.

कोड म्हणजे 'हा पार्ट बदला' असा आदेश नव्हे. कोड लक्षण सांगतो, कारण शोधावं लागतं. ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला म्हणून हजारो रुपयांचा सेन्सर बदलायचा आणि नंतर कळायचं की उंदराने वायर कुरतडली होती, असंही होतं.

दिवा नसेल तरी स्कॅनर उपयोगी पडतो. त्यात 'फ्युएल ट्रिम' नावाचा आकडा असतो. ठरलेल्या हिशोबापेक्षा कॉम्प्युटर किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय, ते त्यात दिसतं. गरम इंजिनवर हा आकडा शून्याच्या आसपास असावा. तो कायम १० च्या वर किंवा उणे १० च्या खाली असेल तर दिवा नसला तरी काहीतरी बिनसलंय.

ई२० पेट्रोलमुळे ॲव्हरेज पडतं का?

पडतं, पण किती, हे समजून घ्या. ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. त्यामुळे १० टक्के इथेनॉलवरून २० टक्क्यांवर गेलं की लिटरमागे ऊर्जा साधारण साडेतीन टक्क्यांनी घटते.

नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात गाडीच्या प्रकारानुसार वेगवेगळे अंदाज होते. मुळात शुद्ध पेट्रोलसाठी बनवून ई१० साठी जुळवलेल्या चारचाकींत ६ ते ७ टक्के, तर ई१० साठी बनवून ई२० साठी जुळवलेल्या चारचाकींत १ ते २ टक्के.

म्हणून १८ ची गाडी १७ वर आली तर ई२० चा हात असू शकतो. १४ वर आली तर सगळं खापर ई२० वर फोडून मोकळं होऊ नका. अडकलेला ब्रेक तसाच राहून जाईल.

पंपावर माप कमी मिळतंय असं वाटतंय?

ही शंका अगदीच निराधार नाही. २०१७ मध्ये ठाणे पोलिसांनी राज्यातल्या अनेक पंपांवर छापे टाकून मशीनमध्ये फेरफार करून कमी इंधन देण्याचा प्रकार उघड केला होता.

तुमच्याकडे दोन हक्क आहेत. पंपावर ५ लिटरचं प्रमाणित माप ठेवणं बंधनकारक आहे. ते मागवून तुमच्यासमोर ५ लिटर मोजायला सांगू शकता. त्यात २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो. भेसळीची शंका असेल तर फिल्टर पेपर चाचणी मागता येते. कागदावर टाकलेला पेट्रोलचा थेंब उडून गेल्यावर डाग राहता कामा नये. नकार मिळाला तर वैध मापन शास्त्र विभागाकडे किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

दोन गैरसमजही दूर करू. १०० ऐवजी ११० रुपयांचं टाकल्याने जास्त पेट्रोल मिळत नाही. मशीनमध्ये फेरफार असेलच तर तो कोणत्याही रकमेवर करता येतो. आणि ३७ लिटरच्या टाकीत ४० लिटर बसलं म्हणजे फसवणूक झालीच असं नाही. टाकीत पुस्तकात लिहिलेल्या क्षमतेपेक्षा जास्त इंधन मावतं.

डिझेल आणि सीएनजीवाल्यांसाठी

बीएस-६ डिझेल गाडीत धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. तो भरला की गाडी जास्तीचं डिझेल वापरून ती काजळी जाळते. रोज फक्त पाच-सात किलोमीटर आणि तेही शहरात गाडी चालत असेल, तर हे काम अर्धवट राहतं आणि पुन्हापुन्हा होतं. अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर २० मिनिटं सलग गाडी चालवा. तरीही फरक पडला नाही तर डीपीएफ आणि सेन्सर तपासा.

सीएनजीत 'एका फुलमध्ये किती चालली' हा हिशोब फसवा असतो. पंपावर दाब कमी असेल तर गॅस कमी बसतो. बिलावरच्या किलोने भागा.

गॅरेजमध्ये काय सांगायचं?

'ॲव्हरेज देत नाही, बघा जरा' एवढंच सांगितलं तर पार्टची यादीच हातात येईल. त्याऐवजी असं सांगा: "अमुक तारखेपासून १८ वरून १४ झालंय, दोन टाक्यांवर मोजलंय. हवा बरोबर आहे. मागचं डावं चाक गरम होतं." मग या चार गोष्टी पाळा:

- आधी स्कॅन करायला सांगा आणि आलेल्या कोडचा फोटो काढा. कोड पुसायच्या आत.
- एका वेळी एकच मोठा बदल करा. पाच पार्ट एकदम बदलले तर दोष कशात होता ते कळणार नाही.
- बदललेले जुने पार्ट परत मागा.
- काम झाल्यावर पुन्हा टाकी फुल ते टाकी फुल मोजा. बॅटरी काढली असेल तर कॉम्प्युटरला पुन्हा जुळवून घ्यायला थोडा वेळ लागतो, पहिल्या ५०-१०० किलोमीटरवरून निकाल लावू नका.

ॲव्हरेज वाढवणाऱ्या 'जादुई' वस्तूंपासून मात्र लांब राहा. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अशी १०० हून अधिक उपकरणं तपासली आहेत. ॲव्हरेज लक्षणीय वाढवणारं एकही सापडलं नाही.

या चार वेळी ॲव्हरेजचा विचार सोडा, गाडी थांबवा

- पेट्रोलचा वास येतोय: गळती असू शकते, आग लागू शकते. गाडी चालू करू नका, मेकॅनिकला जागेवर बोलवा.
- इंजिनचा दिवा लुकलुकतोय आणि गाडी हिसके देतेय: न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळू शकतं. हा बाकीच्या पार्टपेक्षा कितीतरी महाग असतो.
- चाकातून धूर किंवा जळका वास येतोय: ब्रेक जास्त तापले की ऐनवेळी लागत नाहीत. घाट उतरताना हे जीवावर बेतू शकतं.
- इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही: क्लच घसरतोय. पेट्रोल वाया जातंच, गाडी चढावर किंवा भर रस्त्यात बंद पडू शकते.

बाकी वेळी घाई करू नका. मोबाइलमध्ये एक नोट उघडा आणि दरवेळी टाकी फुल केल्यावर तीन आकडे लिहा: तारीख, किलोमीटर, लिटर. ॲव्हरेज पुढच्या वेळी पडलं, तर ते नेमकं कधीपासून आणि किती पडलं, हे तुम्हाला मेकॅनिकच्या आधी माहीत असेल.